'गिव्ह अप' म्हणजे नेमके काय सोडायचे?

इंग्रजीत 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. मग 'गिव्ह अप' म्हणजे 'वर देणे' असे का होत नाही? त्याचा अर्थ थेट 'सोडून देणे' असा कुठून आला? इंग्रजी शिकणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. इंग्रजीत अशा जोड्या शेकड्यांनी आहेत. 'लुक' म्हणजे पाहणे, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. साध्या क्रियापदाला एक चिमुकला शब्द चिकटतो आणि अर्थ पार बदलून जातो. व्याकरणात या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

या महिन्यात आपण एकच जोडी घेऊ, 'गिव्ह अप'. पण तिच्याकडे आपल्या नव्हे, तर एका व्हिएतनामी विद्यार्थ्याच्या बाकावर बसून पाहू. इतक्या लांब का जायचे, असे कोणी विचारील. आपली अडचण आपल्याला सवयीमुळे दिसत नाही, शेजारच्याची चटकन दिसते. शिवाय व्हिएतनामी भाषेत एक क्रियापद असे आहे, की ते आपल्या मराठीच्या एका क्रियापदाचे जुळे भावंड वाटावे. त्याची ओळख पुढे होईलच.

बाकावर बसण्यापूर्वी

व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. युरोपातून आलेल्या मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात ही लिपी घडवली आणि १६५१ मध्ये रोममध्ये तिच्यातला मोठा शब्दकोश छापला गेला. त्यामुळे तिथल्या मुलाला ए, बी, सी, डी परके नाहीत. व्हिएतनाममध्ये २०२२ साली सुरू झालेल्या शालेय वर्षापासून तिसरीपासूनच इंग्रजीसारखी पहिली परदेशी भाषा सक्तीची आहे. म्हणजे अक्षरे ओळखीची आणि सुरुवात लवकर. तरीही हा विद्यार्थी 'गिव्ह अप'पाशी अडखळतो.

त्याच्या भाषेत क्रियापदाचे रूप बदलतच नाही. आपण 'सोडतो, सोडली, सोडणार, सोडू नको' अशी रूपे करतो. व्हिएतनामीत क्रियापद जसेच्या तसे राहते. भूतकाळ किंवा भविष्यकाळ दाखवायचा तर आधी एक वेगळा शब्द ठेवतात, आणि संदर्भावरून कळत असेल तर तोही गाळतात.

दिशा दाखवणारे शब्द मात्र त्याच्याकडे आहेत. 'ङोई' म्हणजे बसणे, 'सुओंग' म्हणजे खाली. 'ङोई सुओंग' म्हणजे 'सिट डाउन'. 'दुंग लेन' म्हणजे 'स्टँड अप', त्यातला 'लेन' म्हणजे वर. शब्दक्रमही इंग्रजीसारखाच. मुलाला वाटते, वा, हे तर आपलेच आहे! आणि फसगत इथेच सुरू होते. 'लेन' म्हणजे 'अप' हे समीकरण मनात पक्के बसते. मग 'गिव्ह अप' दिसले की तो 'चॉ' म्हणजे देणे आणि 'लेन' म्हणजे वर असे शब्द जोडून पाहतो, आणि 'चॉ लेन'मधून 'सोडून देणे' काही केल्या निघत नाही.

'अप' नेहमी वर नेत नाही

इंग्रजी 'अप'ची दोन कामे आहेत. एक म्हणजे दिशा दाखवणे: 'स्टँड अप', 'लुक अप ॲट द स्काय'. दुसरे म्हणजे काम शेवटापर्यंत गेले हे दाखवणे. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे ताटात काही न ठेवता खाऊन टाकणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे तुकडे करणे. इथे वर-खाली काही नाही, फक्त 'पूर्ण' हा भाव आहे.

मराठीत हे काम कोण करते? दुसरे क्रियापद. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फरक आहे. 'विसर' आणि 'विसरून जा' यांतही आहे. 'टाक'मध्ये फेकणे नाही आणि 'जा'मध्ये चालणे नाही. घरात उर्दू किंवा दखनी बोलली जात असेल, तर 'खा डाल' आणि 'भूल जा' ऐकलेलेच असते. व्हिएतनामी माणूस 'सगळे खाल्ले' यासाठी 'आन हेत' म्हणतो, त्यातला 'हेत' म्हणजे संपेपर्यंत. आणि 'विसरून जा' यासाठी तो म्हणतो 'क्वेन दी'. 'क्वेन' म्हणजे विसरणे, 'दी' म्हणजे जाणे. शब्दाला शब्द आपल्याच 'विसरून जा'सारखा!

म्हणजे 'ईट अप' शिकवताना त्याला 'लेन' नव्हे, 'हेत' आठवायला हवा. आपल्या मुलाला 'वर' नव्हे, 'टाक' आठवायला हवे. आणि 'गिव्ह अप'साठी तर मराठीत सुंदर जोडी तयारच आहे: सोडून देणे. तिच्यातही 'देणे' आहेच. हातात धरलेली वस्तू पुरती देऊन टाकली, आता ती आपली राहिली नाही. 'गिव्ह अप'चा गाभा हाच.

एका 'गिव्ह अप'चे अनेक चेहरे

पण गाभा कळला म्हणून वापर जमतो असे नाही. इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शंभर फ्रेझल व्हर्बचे अर्थ गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ मध्ये मोजले. ते भरले ५५९, म्हणजे एकेका जोडीला सरासरी पाचाहून जास्त. 'गिव्ह अप'चे रोजच्या वापरातले चेहरे पाहा.

१. सवय सोडणे. 'ही गेव्ह अप स्मोकिंग.' त्याने सिगारेट सोडली. व्हिएतनामीत 'बॉ थुओक ला'. गंमत म्हणजे 'थुओक' म्हणजे औषध आणि 'ला' म्हणजे पान. पानाचे औषध म्हणजे सिगारेट!

२. हार मानणे. कोडे घातले, उत्तर येत नाही, की विचारणारा म्हणतो, 'डू यू गिव्ह अप?' आपली मुले म्हणतात, 'हरलास?' व्हिएतनामी मुले म्हणतात, 'चिउ थुआ', म्हणजे हार पत्करली.

३. हक्क किंवा मालकी सोडणे. 'शी गेव्ह अप हर शेअर इन द हाउस.' घरातल्या आपल्या वाट्यावर तिने पाणी सोडले. आपल्याकडे बहिणीकडून सही घेतात त्या हक्कसोडपत्रातला 'सोड' तो हाच. व्हिएतनामीत यासाठी भारदस्त शब्द आहे, 'तु बॉ'.

४. दुसऱ्यासाठी आपली जागा देणे. बसमध्ये म्हातारे माणूस चढले. 'आय गेव्ह अप माय सीट.' इथे व्हिएतनामी माणूस 'बॉ' म्हणणारच नाही. तो म्हणेल 'न्युओंग', म्हणजे मान राखून दुसऱ्याला पुढे करणे. मराठीतही आपण 'जागा सोडली' म्हणण्यापेक्षा 'उठून जागा दिली' असे म्हणतो.

५. स्वतःला स्वाधीन करणे. 'ही गेव्ह हिमसेल्फ अप टू द पोलीस.' तो पोलिसांना शरण गेला. व्हिएतनामीत सैन्याच्या शरणागतीला 'दउ हांग' म्हणतात, पण आरोपी पोलिसांकडे हजर झाला तर शब्द बदलतो.

इंग्रजीत एकच जोडी, पण व्हिएतनामीत प्रत्येक वेळी शब्द निराळा, आणि मराठीतही सोडणे, हरणे, पाणी सोडणे, उठून देणे, शरण जाणे. म्हणून वहीत 'गिव्ह अप = सोडून देणे' अशी एक ओळ लिहून भागत नाही. अर्थ ठरवते ती पुढची वस्तू. काय सोडले? सवय, हक्क, जागा, की स्वतःला? वस्तू बदलली की अर्थ बदलतो.

'बॉ' आणि 'टाकणे': दोन जुळी भावंडे

आता त्या जुळ्या क्रियापदाची ओळख करून घेऊ. ते म्हणजे 'बॉ'. व्हिएतनामी-इंग्रजी शब्दकोशात त्याच्यासमोर 'गिव्ह अप', 'क्विट', 'लीव्ह' असे अर्थ सापडतात. पण व्हिएतनामी माणूस चहा-कॉफीत साखर 'बॉ' करतो. निवडणुकीत मत 'बॉ' करतो. नको असलेली वस्तू 'बॉ दी' करतो. शाळा 'बॉ' करतो. आणि नवऱ्याने बायको सोडली, तर तिथेही 'बॉ'च.

आता आपले 'टाकणे' पाहा. चहात साखर टाकली. पेटीत मत टाकले. जुने कपडे टाकून दिले. नवऱ्याने बायको टाकली. हजारो मैलांवरच्या आणि आपल्या भाषेशी काही नाते नसलेल्या भाषेत तोच शब्द तीच कामे करतो! आत घालणे आणि दूर करणे ही दोन उलटी कामे एकाच शब्दाच्या पोटात. तरी आपला कधी गोंधळ होत नाही. का? कारण 'टाकणे' आपण एकटे कधी शिकलोच नाही. चहासोबत, मतासोबत, कपड्यांसोबत ऐकत ऐकत शिकलो.

इंग्रजी मात्र इथे प्रत्येक कामाला वेगळा शब्द मागते. साखर 'पुट', मत 'कास्ट', जुने कपडे 'थ्रो अवे', शाळा अर्ध्यावर सोडली तर 'ड्रॉप आउट', बायकोला सोडले तर 'लीव्ह'. 'बॉ म्हणजे गिव्ह अप' असे पाठ केलेला मुलगा 'ही गेव्ह अप हिज वाइफ' लिहून बसतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही, की बायको सोडली की कोणाच्या हवाली केली. बसमध्ये छत्री विसरली, त्याला व्हिएतनामीत 'बॉ क्वेन' म्हणतात. ते 'आय गेव्ह अप माय अंब्रेला' झाले, की छत्री कोणाला तरी देऊन टाकल्यासारखे वाटते. खरे वाक्य साधे आहे: 'आय लेफ्ट माय अंब्रेला ऑन द बस.'

आपल्या मुलांच्या वहीतही हेच घडते. 'सोडणे' म्हटले की 'लीव्ह' ठरलेले. 'मी सिगारेट लीव्ह केली', 'मला स्टेशनवर लीव्ह करा', 'बस लीव्ह झाली' म्हणजे चुकली! स्टेशनवर सोडायचे तर 'ड्रॉप', बस सुटली आणि आपण राहिलो तर 'मिस'. शब्दकोश खोटे बोलत नाही, पण तो अर्धेच सांगतो.

एक छोटासा 'ऑन'

आता सर्वांत महत्त्वाचे. समजा, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या व्हिएतनामी कुटुंबातली एक आई मुलाच्या शिक्षिकेला चिठ्ठी लिहिते आहे. मुलगा वाचनात मागे आहे. तिला सांगायचे आहे, की आम्ही आशा सोडलेली नाही. ती लिहिते, 'वुई विल नॉट गिव्ह अप अवर सन.' शिक्षिका चमकेल. कारण 'गिव्ह अप अ चाइल्ड' म्हणजे मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, दत्तक देणे. आईला म्हणायचे होते, 'वुई विल नॉट गिव्ह अप ऑन अवर सन.' फक्त एक 'ऑन' राहिला.

'गिव्ह अप ऑन' म्हणजे एखाद्या माणसाबद्दलची उमेद सोडणे, 'याचे काही होणार नाही' असे ठरवून मोकळे होणे. डॉक्टर रोग्याबद्दल, शिक्षक विद्यार्थ्याबद्दल, बाप मुलाबद्दल असे करू शकतो. मराठीत आपण म्हणतो, 'त्याचा नाद सोडला.' 'त्याच्यावर पाणी सोडले' असेही म्हणतो, आणि तिथे आपल्याकडेही 'वर' येतोच! तो 'वर' आठवला की 'ऑन' विसरणार नाही.

आणखी एक शेजारी शब्द आहे, 'गिव्ह इन'. म्हणजे दुसऱ्याच्या दबावापुढे किंवा हट्टापुढे नमते घेणे. मूल मोबाइलसाठी तासभर रडले आणि अम्मीने शेवटी दिला, तर 'अम्मी गेव्ह इन'. मुलाने रडून रडून हट्टच सोडला, तर 'द चाइल्ड गेव्ह अप'. घर एकच, हट्ट एकच, पण जिंकले कोण ते 'इन' आणि 'अप' सांगतात.

तीन गाठी सोडवू

पहिली गाठ: 'गिव्ह अप'नंतर क्रियापद आले तर त्याला 'इंग' लागतो. 'गिव्ह अप टू स्मोक' नाही, 'गिव्ह अप स्मोकिंग'. व्हिएतनामी मुलाकडे अशी रूपेच नसल्याने तो 'गिव्ह अप स्मोक' लिहितो. आपल्याला हे सोपे आहे, कारण मराठीतही 'ओढणे सोडले' असेच म्हणतात. ते 'णे' म्हणजे हे 'इंग'.

दुसरी गाठ: 'इट', 'देम' असे सर्वनाम आले तर ते मध्ये बसते. 'गिव्ह इट अप' बरोबर, 'गिव्ह अप इट' चूक. पूर्ण नाम मात्र दोन्हीकडे चालते: 'गिव्ह अप द जॉब' आणि 'गिव्ह द जॉब अप'. व्हिएतनामीत 'सोडली' एवढेच म्हटले तरी पुरते, 'ती' म्हणायची गरज नसते. मराठीतही तसेच. 'सिगारेट ओढता?' 'नाही, सोडली.' इंग्रजीत हे चालत नाही. 'आय गेव्ह अप' एवढेच म्हटले तर अर्थ होईल, मी हार मानली! सिगारेटबद्दल सांगायचे तर 'आय गेव्ह इट अप' असेच हवे. सवय सोडणारा आणि हरणारा यांच्यात 'इट'चाच फरक आहे.

तिसरी गाठ उच्चाराची. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी 'व्ह' कधी येत नाही. त्यामुळे तिथला मुलगा 'गि अप' म्हणतो आणि मधला 'व्ह' गडप होतो. उपाय म्हणजे दोन शब्द तोडायचे नाहीत, 'गि-व्हप' असे सलग म्हणायचे. आपणही शब्द सुटे सुटे न उच्चारता सलग म्हटले, तर इंग्रजी ऐकतानाही ते चटकन कानाला लागतात.

टाळणाऱ्याचे नुकसान

एवढा खटाटोप नको म्हणून अनेक जण ही जोडीच टाळतात. इस्रायलमधल्या हिब्रूभाषक विद्यार्थ्यांबाबत १९८५ मध्ये आणि चिनी विद्यार्थ्यांबाबत २००४ मध्ये अभ्यास झाले. मातृभाषेत अशी जोडी नसलेले विद्यार्थी फ्रेझल व्हर्बऐवजी एका शब्दाचे क्रियापद पसंत करतात, असे त्यांत दिसले. चिनी विद्यार्थ्यांत ज्यांचे इंग्रजी अधिक मुरलेले होते, ते मात्र कमी टाळत होते.

टाळल्याने लेखी पेपर निभावून जातो, बोलण्यात मात्र माणूस परका राहतो. 'आय सरेंडर्ड स्मोकिंग' हे वाक्य सिगारेटने बंदूक रोखल्यासारखे वाटते. आणि आपण टाळले तरी समोरचा टाळत नाही. दवाखान्यात, कामावर, विमानतळावर माणसे 'गिव्ह अप', 'फिल इन', 'पुट ऑफ' असेच बोलतात. आखातात किंवा लंडनला नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना विचारा. पुस्तकातले जड शब्द त्यांना येत होते. अडले ते या चिमुकल्या जोड्यांपाशीच.

म्हणून वहीची पद्धत बदला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी अशी यादी नको. एका पानावर एकच जोडी. तिच्याखाली चार-पाच पूर्ण वाक्ये, आपल्या घरातली, आपल्या माणसांची. अब्बांनी तंबाखू सोडली, आपाने बसमध्ये जागा दिली, छोट्याने कोड्यापुढे हार मानली. जसे 'टाकणे' शिकलो, तसेच 'गिव्ह अप' शिकायचे, वस्तूसोबत आणि माणसासोबत.

व्हिएतनाममध्ये मुलांना एक म्हण शिकवतात, की लोखंड घासत राहाल तर एक दिवस त्याची सुई होईल. इंग्रजीत तिचे सार तीन शब्दांचे आहे: 'डोन्ट गिव्ह अप.' आणि घरातले एखादे मूल इंग्रजीत मागे पडत असेल, तर त्या घराने हे वाक्य आणखी थोडे लांबवावे: 'डोन्ट गिव्ह अप ऑन द चाइल्ड.'

घरी करून पाहा

पुढील वाक्ये इंग्रजीत करा. उत्तरे खाली आहेत, पण आधी झाकून ठेवा.

१. अब्बांनी तंबाखू सोडली.
२. मी चष्मा दुकानात विसरलो.
३. आपाने एका आजारी बाईला आपली जागा दिली.
४. मुलाने फार हट्ट केला, शेवटी अम्मीने ऐकले.
५. डॉक्टरांनी रोग्याची आशा सोडलेली नाही.
६. 'चहा पिता?' 'नाही, सोडला.'

उत्तरे: १. फादर गेव्ह अप टोबॅको. २. आय लेफ्ट माय ग्लासेस इन द शॉप. ३. माय सिस्टर गेव्ह अप हर सीट टू अ सिक वुमन. ४. द बॉय केप्ट इन्सिस्टिंग, अँड ॲट लास्ट मदर गेव्ह इन. ५. द डॉक्टर्स हॅव नॉट गिव्हन अप ऑन द पेशंट. ६. 'डू यू ड्रिंक टी?' 'नो, आय गेव्ह इट अप.'

सहाव्या वाक्यात 'इट' राहिला असेल, तर दुसरी गाठ पुन्हा वाचा. पुढच्या महिन्यात 'पुट ऑफ' आणि 'पुट अप विथ' यांच्याकडे पाहू. आजचे काम उद्यावर ढकलणारा आणि शेजाऱ्याचा रेडिओ मुकाट्याने सोसणारा, हे दोघेही आपल्याला तिथे भेटतील.